सह्याद्री : कोठून कोठवर?

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील अधिकारी यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा भिंतीवर टांगला की पहिला प्रश्न बहुधा सह्याद्रीचा असतो. ‘सह्याद्री कोठून कोठवर पसरला आहे?’ असे गुरुजींनी विचारताच सारा वर्ग एका सुरात सांगतो, ‘उत्तरेस तापीपासून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत.’ ‘लांबी किती?’ ‘सुमारे १,६०० किलोमीटर.’ गुरुजींचे समाधान होते आणि धडा पुढे सरकतो.

हे उत्तर चुकीचे नाही. परंतु पर्वताला केवळ लांबी नसते, रुंदीही असते. त्याला दोन टोकांबरोबर दोन कडाही असतात. सह्याद्रीची पूर्वेकडील कड नेमकी कोठे संपते? कड्याच्या पायथ्याशी वसलेले कोकणातील गाव सह्याद्रीत मोडते की नाही? डोंगराचा एखादा फाटा मराठवाड्यापर्यंत जातो, तो सह्याद्रीच की वेगळा डोंगर? या प्रश्नांची उत्तरे पाठ्यपुस्तकातील एका ओळीत सापडत नाहीत. आणि आज या उत्तरांवर अनेक गावांच्या जमिनीचा, पाण्याचा, खाणींचा, घरबांधणीचा आणि प्रसंगी जीविताचा प्रश्न अवलंबून आहे. म्हणूनच भूगोलाचा हा जुना धडा ग्रामपंचायतीच्या बैठकीतही पुन्हा एकदा उघडणे अगत्याचे झाले आहे.

एक पर्वत, तीन आकडे

सह्याद्रीचे, म्हणजेच पश्चिम घाटाचे, क्षेत्रफळ किती, याचे किमान तीन अधिकृत आकडे उपलब्ध आहेत. १ जुलै २०१२ रोजी युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्या वेळी या पर्वताची लांबी सुमारे १,६०० किलोमीटर व क्षेत्र सुमारे १,४०,००० चौरस किलोमीटर असे नोंदविले गेले. त्यापूर्वी, केंद्र शासनाने २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०११ च्या आपल्या अहवालात हे क्षेत्र १,२९,०३७ चौरस किलोमीटर धरले. लांबी १,४९० किलोमीटर, कमीत कमी रुंदी महाराष्ट्रात ४८ किलोमीटर, तर जास्तीत जास्त रुंदी तमिळनाडूत २१० किलोमीटर अशी मापे दिली. पुढे कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय कार्यगटाने २०१३ च्या अहवालात १,६४,२८० चौरस किलोमीटर हा आकडा स्वीकारला.

दोन समित्यांच्या आकड्यांतील अंतर ३५ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. संपूर्ण गोवा राज्याच्या क्षेत्रफळाच्या नऊपटींहून जास्त असे हे अंतर होय. पर्वत तर जागचा हललेला नाही, मग आकडे का बदलले? उत्तर सोपे आहे. प्रत्येकाने वेगळा मापदंड वापरला. कोणी उंची पाहिली, कोणी वनाच्छादन पाहिले, कोणी तालुक्यांच्या प्रशासकीय सीमा प्रमाण मानल्या. तेव्हा सह्याद्रीची व्याप्ती समजून घ्यावयाची तर एकेक मापदंड हाती घेऊन पाहिले पाहिजे.

पर्वत की पठाराची कड?

पहिला मापदंड भूरचनेचा. रत्नागिरी किंवा रायगड जिल्ह्यातून पूर्वेकडे पाहिले तर सह्याद्री एखाद्या अजस्र तटबंदीप्रमाणे उभा दिसतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहणाऱ्यास या उभेपणाची कल्पना येते. परंतु तोच प्रवासी पुण्याहून किंवा साताऱ्याहून पश्चिमेकडे निघाला तर त्याला हळूहळू चढत जाणारी जमीन, मधूनमधून उठलेले डोंगर आणि नद्यांची खोरीच लागतात. चालता चालता तो अचानक कड्याच्या तोंडाशी येतो आणि समोर हजार मीटर खाली कोकण पसरलेले दिसते. याचा अर्थ असा की, हिमालयाप्रमाणे वळ्या पडून वर आलेला हा पर्वत नव्हे, तर दख्खनच्या पठाराची ही पश्चिम कड होय.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी येथे भूकवचाच्या भेगांतून लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. त्यांपासून बनलेला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. पुढे पश्चिमेकडील भूभाग तुटून खचला आणि पठाराची ही कड उघडी पडली. पाऊस व ओढे यांनी झिजत झिजत ती पूर्वेकडे सरकत आली. लाव्हाचे थर आडवे असल्याने आपल्याकडील डोंगरांना पायऱ्यापायऱ्यांचे रूप आले आहे. या खडकाला शास्त्रज्ञांनी दिलेले ‘ट्रॅप’ हे नावही ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. सपाट माथा व चहूबाजूंनी ताशीव कडा असा जो महाराष्ट्रातील गडांचा साचा, तो या थरांनीच दिला आहे.

मात्र हा काळा पाषाण गोव्याच्या आसपास संपतो. तेथून दक्षिणेकडे कर्नाटकात, केरळात व तमिळनाडूत अब्जावधी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइटसदृश कठीण खडक लागतात. डोंगरांचे माथे सपाट न राहता गोलाकार होतात. म्हणजे ज्याला आपण एक सलग पर्वत म्हणतो, त्याचा उत्तरेकडील भाग एका जातीच्या खडकाचा व दक्षिणेकडील भाग सर्वस्वी दुसऱ्या जातीच्या खडकाचा आहे. केवळ खडकाकडे पाहून कोणी व्याप्ती ठरवू म्हणेल, तर त्याला सह्याद्रीचे दोन तुकडे करावे लागतील. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट कोणती, ते पुढे दिसेल.

उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत

तापीच्या खोऱ्याच्या दक्षिणेस, नंदुरबार जिल्हा व गुजरातचा डांग जिल्हा यांच्या परिसरात सह्याद्रीचे डोंगर उठू लागतात. डांगमधील सापुतारा आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील साल्हेर ही या उत्तर भागातील ठळक स्थाने. १,५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातील दुसऱ्या क्रमांकाचा उंच माथा असून १६७२ मधील मराठे व मोगल यांच्यातील प्रसिद्ध लढाई याच्या पायथ्याशी झाली. तेथून दक्षिणेस त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, नंतर इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवरील कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे राज्यातील सर्वोच्च शिखर, पुढे हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयनेचे खोरे, राधानगरी व आंबोली अशी ही रांग सरकत जाते.

महाराष्ट्रात या मुख्य रांगेला पूर्वेकडे जाणारे तीन मोठे फाटे फुटतात. सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभू महादेव. तापी व गोदावरी यांची खोरी पहिल्या फाट्याने, गोदावरी व भीमा यांची दुसऱ्याने, तर भीमा व कृष्णा यांची तिसऱ्याने विभागली आहेत. बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी आपल्या बालाघाटाला सह्याद्री म्हणत नाही आणि शासनाच्या पश्चिम घाटाच्या यादीतही त्याचा जिल्हा नाही. तरीही त्याच्या शिवारातील डोंगर सह्याद्रीच्या बुंध्यालाच फुटलेली फांदी आहे, हे शिक्षकांनी मुलांना जरूर दाखवावे.

गोव्यात सत्तरी, सांगे व काणकोण या भागांतून जाणारी रांग कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात काहीशी ठेंगणी होते. तेथे काळी, गंगावळी, शरावती या नद्या माथ्यावर उगम पावून कडा उतरतात व पश्चिमेस समुद्राला मिळतात. २५३ मीटर उंचीवरून कोसळणारा शरावतीचा जोगचा धबधबा याच टप्प्यावर आहे. पुढे कुद्रेमुख व कोडगू ओलांडून रांग निलगिरीस पोहोचते. येथे पूर्वघाट येऊन मिळतो. निलगिरीतील दोड्डबेट्टाची उंची २,६३७ मीटर आहे.

निलगिरीच्या दक्षिणेस या अखंड भिंतीला एकच मोठे खिंडार पडले आहे. ते म्हणजे पालघाटची खिंड. सुमारे ३० किलोमीटर रुंदीच्या या सखल पट्ट्यातून केरळ व तमिळनाडू यांमधील रस्ते व लोहमार्ग जातात. खिंडीच्या पलीकडे अन्नमलई, पळणी व वेलदोड्यांचे डोंगर उभे राहतात. तेथील २,६९५ मीटर उंचीचे आनमुडी हे हिमालयाच्या दक्षिणेस असलेले भारतातील सर्वोच्च शिखर होय. शेवटी अगस्त्यमलई व महेंद्रगिरी ओलांडून हा पर्वत कन्याकुमारीच्या सान्निध्यात उतरतो. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू अशी सहा राज्ये आणि सुमारे ८ ते २१ उत्तर अक्षांश एवढा हा विस्तार आहे. जीवशास्त्रज्ञ तर समुद्र ओलांडून श्रीलंकेलाही याच जैवविविधतेच्या प्रदेशात जोडतात.

प्राचीनांची दृष्टी

आजच्याप्रमाणे मोजणीची साधने नसतानाही आपल्या पूर्वजांनी या पर्वताच्या व्याप्तीचा विचार केला होता. पुराणांनी सात कुलपर्वत मानले. त्यांत सह्य आणि मलय ही दोन स्वतंत्र नावे आहेत. उत्तरेकडील तो सह्य व अगदी दक्षिणेकडील तो मलय, अशी ही विभागणी होती. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील या लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी हा ज्या पर्वतांचा स्वामी म्हणून वर्णिला आहे, त्यांतही सह्य व मलय वेगवेगळे सांगितले आहेत. तापी ते कन्याकुमारी हा सारा एकच पर्वत मानण्याची पद्धत त्यामानाने अर्वाचीन आहे.

‘पश्चिम घाट’ हे नावही असेच. मराठीत घाट म्हणजे डोंगर उतरण्याची वाट. नाणेघाट, बोरघाट, थळघाट, कुंभार्लीचा घाट, आंबाघाट, फोंडाघाट ही सारी वाटांची नावे. परकीयांनी वाटेचे नाव पर्वताला दिले आणि तेच जगात रूढ झाले. परंतु या चुकीतही एक सत्य दडलेले आहे. येथील माणसाने सह्याद्री ओळखला तो वाटांनीच. सातवाहनकाळी कल्याण बंदराचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. तेथील दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख आजही त्याची साक्ष देतात. इंग्रजी अमदानीत बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये व थळघाटातून १८६५ मध्ये खुला झाला. तेव्हापासून मुंबई बंदर खऱ्या अर्थाने देशाच्या अंतर्भागाशी जोडले गेले.

सामान्य जनतेने तर व्याप्तीचा निकाल आपल्या बोलीत केव्हाच लावून ठेवला आहे. कड्याखाली ते कोकण, कड्यावर तो घाटमाथा, माथ्याच्या पूर्वेस नद्यांच्या उगमाकडील खोऱ्यांत ते मावळ आणि त्यापलीकडे देश. पठारावरील माणसाला कोकणी मनुष्य घाटावरचा म्हणतो. या शब्दांत कोठेही मीटर किंवा चौरस किलोमीटर नाहीत. पण पीक, पाऊस, घराचे छप्पर आणि माणसाचे राहणीमान यांचा अचूक हिशेब आहे.

पाण्याची साक्ष

सह्याद्रीच्या दोन भिन्न खडकांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पाणी. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेकडील माण तालुक्यात मात्र तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. एका जिल्ह्याच्या दोन टोकांत एवढी तफावत निर्माण करण्याचे सामर्थ्य या पर्वतात आहे.

माथ्यावर पडलेला थेंब कोठे जाईल, हे दोन हातांच्या अंतरावर ठरते. पश्चिमेस पडला तर वैतरणा, उल्हास, सावित्री किंवा वाशिष्ठीतून तो लवकरच समुद्रास मिळतो. पूर्वेस पडला तर त्याला बंगालच्या उपसागरापर्यंत प्रवास घडतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, ते ठिकाण अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरांवर आहे. परंतु ती पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर वाहते. महाबळेश्वरची कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहते. कोडगूमधील तलकावेरीस उगम पावणारी कावेरीही पूर्वेसच जाते. या दृष्टीने पाहिले तर राजमहेंद्रीचा, विजयवाड्याचा व तंजावरचा भातशेतकरीही सह्याद्रीच्या पावसाचा वाटेकरी ठरतो. पाण्याच्या मापाने सह्याद्रीची व्याप्ती पूर्वकिनाऱ्याला जाऊन भिडते.

माणसाने या पाण्याची दिशाही बदलली. पूर्वेस वाहणारे पाणी माथ्यावर अडवून, कड्याच्या पोटातून किंवा कड्यावरून पश्चिमेस सोडावयाचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करावयाची, हा प्रयोग खोपोली येथे १९१५ मध्ये सुरू झाला. मुळशी येथे अशाच धरणाखाली जमिनी जाणार म्हणून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प उभा राहिला. आज त्याची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगांना या विजेने बळ दिले, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर खोऱ्यातील गावे उठली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनानगर हादरले, हेही विसरता येत नाही. भातसा, वैतरणा व तानसा यांचे पाणी मुंबईची तहान भागविते. पण ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या आसमंतात आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. सह्याद्रीचा लाभ घेणारे दूरवर पसरले आहेत. सह्याद्रीचा भार वाहणारे मात्र त्याच्या कुशीतच राहतात.

तालुका, गाव आणि रेघ

आता प्रशासनाचा मापदंड. केंद्र शासनाच्या साहाय्याने १९७४-७५ पासून पश्चिम घाट विकास कार्यक्रम राबविला गेला. त्यासाठी तालुका हा घटक धरण्यात आला. ज्या तालुक्याचे किमान २० टक्के क्षेत्र समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे, तो पश्चिम घाटात मोडतो, असा निकष ठरला. त्यानुसार पाच राज्यांतील १७१ तालुके निवडले गेले. महाराष्ट्रातील ६३, कर्नाटकातील ४०, तमिळनाडूतील ३३, केरळातील ३२ आणि गोव्यातील ३. कस्तुरीरंगन कार्यगटाने गुजरातसह सहा राज्यांतील १८८ तालुके विचारात घेतले.

तालुका हा घटक प्रशासनास सोयीचा खरा. परंतु एकाच तालुक्यात एक गाव माथ्यावर, दुसरे कड्याखाली व तिसरे सपाटीवर असू शकते. म्हणून पुढील काळात गाव हा घटक आला. कार्यगटाने उपग्रहाच्या चित्रांवरून नैसर्गिक भूप्रदेश व मानवी वस्ती-शेतीचा भूप्रदेश वेगळे केले. १,६४,२८० चौरस किलोमीटरांपैकी ५९,९४० चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ३७ टक्के क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविले. ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र असे संवेदनशील आहे, ते गाव यादीत घातले गेले. गाडगीळ समितीची भूमिका याहून वेगळी होती. तिने संपूर्ण पर्वतच संवेदनशील मानून त्याचे तीन दर्जे सुचविले आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात, असा आग्रह धरला.

कार्यगटाच्या शिफारशींवर आधारित अधिसूचनेचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी निघाला. त्यानंतर तो वेळोवेळी पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्यात एकूण क्षेत्र ५६,८२५.७ चौरस किलोमीटर असून महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटर आहे. खाणकाम, दगडखाणी व वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांस मनाई, असे मसुद्याचे स्वरूप आहे. जमिनीची मालकी त्यामुळे बदलत नाही व शेतीवर बंदी येत नाही. ही गोष्ट अनेक गावांत पोहोचलेली नसते. म्हणून ‘आता घरावर कौलही घालता येणार नाही’ यासारख्या अफवा पसरतात. अशा वेळी अधिसूचनेचा मराठी अर्थ ग्रामसभेत वाचून दाखविणे, ही अधिकाऱ्यांची जबाबदारी ठरते.

येथे केरळचे उदाहरण लक्षात घेण्याजोगे आहे. कार्यगटाने त्या राज्यातील १३,१०८ चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरविले होते. राज्य शासनाने प्रत्यक्ष जागेवर पडताळणी केली आणि मसुद्यात हा आकडा ९,९९३.७ झाला. हा बदल योग्य होता की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. उपग्रहाने काढलेली रेघ ही शेवटची नसते. जमिनीवर उभा राहून जो पुरावा मांडतो, त्याचे म्हणणे ऐकले जाते. पुरावा मांडावयाचा तर आपल्या गावाचा डोंगर आधी आपल्याला माहीत असावा लागतो.

रेघेपलीकडचा डोंगर

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या पहाटे दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम ध्यानात आले ते त्या रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्या एस. टी. बसच्या चालकाच्या. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी आणि माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळातील वायनाड जिल्ह्यातील मुंडक्कई व चूरलमला येथे दरडींनी आकांत माजविला. अधिसूचनेचा सहावा मसुदा त्याच्या दुसऱ्याच दिवशी प्रसिद्ध झाला.

या दुर्घटनांची कारणे सर्वत्र सारखी नाहीत. अल्पावधीत कोसळलेला प्रचंड पाऊस हे त्यांतील समान कारण. तीव्र उतार, झिजलेल्या खडकावरील मातीचा जाड थर, पाण्याच्या जुन्या वाटा बुजणे, उतारावर केलेली खोदाई व सपाटीकरण ही कारणे ठिकठिकाणी त्यात भर घालतात. पण व्याप्तीच्या प्रश्नाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. कड्याच्या पायथ्याचे गाव समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांवर असेल. ६०० मीटरांच्या निकषाने ते डोंगरी ठरणार नाही. तरीही पावसाळ्याच्या रात्री त्याच्यावर येणारे संकट हजार मीटर उंचीवरून येते. कागदावरील सीमा कोठेही असो, ज्या गावाचे पाणी डोंगरातून येते आणि ज्याच्या डोक्यावर डोंगराचा उतार आहे, ते गाव सह्याद्रीतच आहे, असे धरून चालणे शहाणपणाचे होय.

गावाने करावयाचे काम

सह्याद्रीची व्याप्ती शेवटी गावोगाव ठरणार आहे. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. गावाच्या नकाशावर पाण्याच्या सर्व वाटा, झरे, टाकी, ओढे आणि जुनी देवराई यांची खूण करावी. उतारावर नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा यांची पावसाळ्यात नोंद ठेवावी आणि ती तहसील कार्यालयास विनाविलंब कळवावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही नुसता सोपस्कार न राहता गावाचा पुरावा ठरू शकते. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, भीमाशंकरच्या वनातील शेकरू, जांभ्याच्या पठारावरील पावसाळी फुले यांची नोंद दूरच्या शास्त्रज्ञाआधी गावातील गुराखी करू शकतो.

शिक्षकांचे काम याहून सोपे व अधिक मोलाचे आहे. भिंतीवरील नकाशा गुंडाळून वर्गाला एक दिवस गावाबाहेरच्या टेकडीवर न्यावे. पाणी कोणत्या ओढ्याला, ओढा कोणत्या नदीला आणि नदी कोणत्या समुद्राला मिळते, ते मुलांना बोटाने दाखवावयास सांगावे. कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी ही महाराष्ट्रातील चार स्थळे जागतिक वारसा यादीत आहेत, हे पाठ करून घेण्याबरोबरच आपल्या शिवारातील खडक कोणता, हे मुलांनी हातात घेऊन पाहावे.

त्यानंतर पुन्हा एकदा गुरुजींनी तोच प्रश्न विचारावा : ‘सह्याद्री कोठून कोठवर?’ तापीपासून कन्याकुमारीपर्यंत, हे उत्तर तर येईलच. पण त्याच्या जोडीला एखादा विद्यार्थी उठून, ‘आमच्या विहिरीपासून त्या माथ्यापर्यंत’ असे सांगू शकला, तर भूगोलाचा धडा सार्थकी लागला असे समजावे. आणि त्या विद्यार्थ्याचे वडील ग्रामसभेत बसून तीच गोष्ट नकाशावर दाखवू शकले, तर कोणत्याही समितीला त्या गावाला विचारल्यावाचून रेघ ओढता येणार नाही.